जोडीची गोळी

"काहीच फरक नाही, बन्सीलालभाऊ," मानेचा कोन मोजून डॉक्टरबाई म्हणाल्या. "इंजेक्शनच्या जोडीला सहा महिने ही नवी गोळी देऊन पाहिली. मान होती तितकीच वाकडी. पुढच्या महिन्यापासून गोळी बंद."

स्वतःच्या मानेचं बन्सीलालला काय! डाव्या खांद्याकडे बघत त्यानं पंधरा वर्षं म्हसावदला शेती केली होती. पण गोळी बंद म्हणजे काजलचा संसार बंद.

लेक सारंगखेड्याला दिलेली. बापाचं दुखणं तिच्याही मानेत उतरलं. दवाखान्यात नेली तर गावभर होईल, म्हणून सासरचे नेऊ देईनात. वर सासूनं बजावलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मान सरळ झाली नाही तर पोर घेऊन जा. मग बाप तो बाप! दर महिन्याला आपल्या गोळ्या तो गुपचूप तिला देऊन यायचा आणि रिकामी पाकिटं इथं आणून द्यायचा. ती सासूसमोर पदर सावरून उभी राहायची. मान एकदम सरळ. परतताना एस.टी.त त्याला मोठ्यानं गावंसं वाटायचं.

आज आखाजीला माहेरी न्यायची म्हणून दिरानं तिला एस.टी. स्टँडवर बापाच्या हवाली केलं होतं. आता ती इथं बाहेर बाकावर बसली होती.

बन्सीलालनं हात जोडले. "गोळी काम करस, बाई! मी एकबी नही खादी. सगळ्या मन्ही पोरले दिध्यात. तिलेच दखा!"

डॉक्टरबाई रागावल्या. मग त्यांनी काजलला आत बोलावलं. डोक्यावर पदर, त्याचा काठ चिमटीत हनुवटीशी धरलेला. मान ताठ.

"ताई, हात जरा खाली घ्या."

काजलनं बापाकडे पाहिलं. हात खाली आला. हनुवटी थरथरत डाव्या खांद्याकडे वळली आणि तिथंच राहिली.

हनुवटीला बोट टेकवलं की असली मान घटकाभर सरळ राहते. हे बन्सीलालला ठाऊक नव्हतं थोडंच! पण सासुरवाशीण पदर धरून उभी आहे, एवढंच त्याला दर खेपेला दिसलं होतं.

"मले सांगं का नही, माय?" त्यानं विचारलं.

"दुसराच महिनाले सांगणार व्हतू, आप्पा," काजल म्हणाली. "पण मन्ही मान सरळ दखीसन तुम्ही रडी पडनात."