डॉक्टर कर्तव्यावर आहेत

बहात्तर सालच्या नागपूर अधिवेशनात मी कुहीकडचा नवाकोरा आमदार होतो. एका सकाळी गावची रुखमाबाई तापानं फणफणलेल्या नातीला कडेवर घेऊन थेट आमदार निवासात आली.

"भाऊ, गावच्या दवाखान्यात डॉक्टरच नाही. पोरीले घेऊन मले इथं नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात या लागलं. तू सरकारले काहून नाही विचारत गा?"

मला ते चांगलंच लागलं. त्याच दिवशी विधानसभेत तातडीचा, म्हणजे अल्पसूचना प्रश्न लिहून दिला : आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाहीत, हे खरे आहे काय?

चार-पाच दिवसांत मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं : "हे खरे नाही. डॉक्टर नेमलेले असून ते कर्तव्यावर आहेत."

मग मी सभागृहात असा काही गरजलो की अध्यक्षांना दोनदा घंटा वाजवावी लागली. आमच्या लोकांनी बाकं वाजवली. मी अगदी फुलून गेलो, पण घसा पार बसला. संध्याकाळी आमदारांसाठी उघडलेल्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी घसा तपासला, औषध लावलं, वर गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. माणूस मला फार आवडला. घोगऱ्या आवाजात मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कुठले?"



"तुमच्याच गावच्या दवाखान्यातला, साहेब. तुम्ही तिकडे कधी आला नाहीत, म्हणून ओळख नाही. अधिवेशन संपेपर्यंत आमदारांच्या तब्येतीसाठी माझी ड्यूटी इथं लावली आहे."