करंगळीचा सूर

चाळीस वर्षं गावोगावच्या सभागृहांत पियानो वाजवून तो आता मेटाकुटीला आला होता. त्याला टाळ्यासुद्धा पाठ झाल्या होत्या. डावी करंगळी तर वर्षभरापासून संपावरच होती; म्हणून शेवटच्या रचनेतला सर्वांत खालचा सूर तो गुपचूप गाळायचा. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी तो तालमीला आला. सवयीने स्टूल तीन फेरे खाली करायला वाकला, तर ते आधीच त्याच्या उंचीला लावलेलं होतं. बसला, तर बैठक उबदार लागली.

पियानो सुरात लावणारे काका कडेला अवजारं आवरत होते. माणूस जन्मांध, पण वीस वर्षं याला नुसत्या वाजवण्यावरून ओळखायचे.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"अहो काका, मीच की!"

"वाजवा बघू."

त्याने शेवटची रचना वाजवली. तो सूर नेहमीसारखाच गाळला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. "साहेब आत्ताच वाजवून गेले. एक सूर सोडला नाही हो. अगदी पूर्वी वाजवायचे तसं."

तो स्टुलावरून अर्धवट उठला. "काही बोलले?"

"म्हणाले, मागून एक दमलेले गृहस्थ येतील, त्यांना घटकाभर टेकू द्या." काकांनी हात पुढे केला. "आणि घराची किल्ली तेवढी मागून घ्या."