उकळीचं कुलूप

दुधाच्या कडेला जरासे बुडबुडे आले आणि शेगडी पुन्हा आपोआप विझली. "हे जिवंत दूध आहे. उकळल्यास यातले उपकारक जंतू मरतील," ती गोड आवाजात म्हणाली.

"मरू देत की मेले!" हेमांगीने पातेलं ओट्यावर आदळलं. हेच दूध पिऊन तिची लेक मिहिका दवाखान्यात सलाइनवर होती. उपकारक जंतूंच्या जोडीने दुसरे कुठले आले, हे सांगायला दूध कंपनी तयार नव्हती. घरोघरच्या शेगड्यांना कुलूप मात्र कंपनीनेच घातलं होतं, दुधाला उकळी येऊ नये म्हणून.

शेगडीने तक्रार केली असावी. थोड्याच वेळात कंपनीचा माणूस, खोपकर, हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "ताई, उकळलं तर मग दुधाचा फायदा काय?"

हेमांगीने तेच दूध पेल्यात ओतलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "घ्या. प्या तुमचा फायदा."

खोपकरने पेल्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "कुलूप काढून देतो," तो हळूच म्हणाला. "पण कुणाला बोलू नका. माझ्या घरचं मी केव्हाच काढलंय."

हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या पोरांना उकळून, आणि आमच्या पोरांना असंच?"

तिने त्याची हत्यारांची पिशवी उचलली, त्याला दंडाला धरून जिन्यात आणलं आणि शेजारची बेल दाबून धरली.

"सुलभाकाकू, दार उघडा! आज अख्ख्या बिल्डिंगचं दूध उतू जाऊ दे."