वरचा बंक

"हात दाखवा," धाकटा म्हणाला.

"सकाळी बघितलास की."

"दाखवा म्हणतो ना."

थोरल्याने बाही वर सरकवली. तळव्याला गुंडाळलेला फडका पिवळा पडला होता. मनगटापासून एक लाल रेघ वर निघाली होती. सकाळी सहाला ती जिथे संपत होती, तिथे धाकट्याने बॉलपेनने आडवी खूण केली होती. आता दुपारचे साडेतीन. रेघ खूण ओलांडून चार बोटं पुढे गेली होती.



दोघे साडू. बायका सख्ख्या बहिणी. प्रवासी जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, बिनखिडकीची खोली. एकावर एक दोन बंक. थोरला वर, धाकटा खाली. वरच्या बंकच्या भिंतीकडच्या टोकाला पाइप गळायचा. थोरल्याने तिथे डबा बांधला होता. टप. टप.

तीन दिवसांपूर्वी एका गेस्टने ग्लास फोडला आणि काच पलंगाखाली सरकवून फिरायला गेला. ती थोरल्याच्या तळव्यात घुसली. त्याने काच उपटली, हात धुतला, पुढची चादर ताणली. जहाजावरच्या डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टरच्या वहीत नाव चढलं की पुढच्या बंदरात माणूस बॅगेसकट खाली. आणि अर्ध्या सफरीत उतरवलेल्याला कंपनी परत बोलवत नाही. या जहाजावर मोडक्या खुर्चीला दुरुस्तीची चिठ्ठी मिळते. माणसाला बाहेरची वाट.

"साडूभाऊ, विष वर चढतंय. साडेचारला गँगवे काढतील. धक्क्यावर उतरायची वाट बंद. मग सहा दिवस नुसतं पाणी. इथला डॉक्टर गोळ्या देतो, हात कापायची वेळ आली तर कोण कापणार? आचारी?"

"आचारी बरा कापतो," थोरला हसला. त्याचे दात वाजत होते.

"मरायचंय का तुम्हाला?"

"उतरायचं नाहीये." थोरल्याने बाही खाली ओढली. "आणि तुला एवढी घाई कसली? बदलीच्या यादीत पहिलं नाव कुणाचं, ते मला ठाऊक नाही असं वाटलं?"

 नाव धाकट्याच्या भावाचं होतं. जागा रिकामी व्हायची वाट बघत भाऊ वर्षभर एजंटच्या बाकावर बसून होता. खरं सांगायचं तर हा विचार धाकट्याच्या मनात आला होता. एकदाच, काल दात घासताना. त्याने तो थुंकून टाकला होता.

"माझ्या बायकोला तुझी बायको कुठल्या तोंडाने भेटेल रे?" थोरला म्हणाला.

दार उघडलं. सुपरवायझर बाई. पावलांचा आवाज होत नाही म्हणून सगळे तिला मांजर म्हणत. थोरल्याने हात पाठीमागे नेला.

"सातशे बाराचा हत्ती," ती म्हणाली. "सोंड खाली का?"

 गेस्टच्या पलंगावर रोज टॉवेलची घडी घालून हत्ती बसवायचा, ही कामातली रीत. थोरल्याच्या हत्तीची सोंड ताठ वर असायची. दोन दिवस त्याच्या वाटणीच्या खोल्या धाकटा चोरून आवरत होता. त्याला हत्ती जमायचा, सोंड उभी राहत नव्हती.

"तिथल्या आजीबाई विचारत होत्या, तुमचा तो माणूस आजारी आहे का म्हणून. बरे आहात ना?"

"ठणठणीत, मॅडम. आज उभी करतो."

"करा. नाहीतर नातवंडं माझं डोकं खातील."

ती वळली. थोरला धाकट्याकडे बघत होता. डोळ्यांनी हात जोडत होता. बोललो तर जन्मभर चोर. नाही बोललो तर सहा दिवस या खोलीत, त्या रेघेबरोबर.  टप. टप. मांजर दाराबाहेर पोचली.

"मॅडम, त्यांचा हात बघा."

तिने बाही वर केली. आधी घड्याळ बघितलं, मग हात. मग वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "एक माणूस उतरवायचाय. हो, आत्ताच. गँगवे थांबवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "बदली आहे ना. यादीत पहिलाच." ती धाकट्याकडे वळली. चांगल्या मनाने म्हणाली, "तुझाच भाऊ ना तो? कळव त्याला, पुढच्या बंदरात चढ म्हणावं. चला, तुला घरचीच सोबत झाली."

थोरला भिंतीकडे बघत होता.

बॅग धाकट्याने भरली. दहा मिनिटांत भरली, त्याचीही त्याला लाज वाटली. गँगवेपाशी थोरल्याचं कार्ड यंत्रावर टेकवलं. यंत्र वाजलं. पडद्यावर रुजू झाल्या दिवशीचा त्याचा फोटो आला, सगळे दात दाखवणारा. मग फोटो गेला आणि पडदा काळा झाला. खाली धक्क्यावर एक परकी गाडी उभी होती आणि एक परका माणूस पाटी धरून. पाटीवरचं नाव चुकलेलं होतं.

"साडूभाऊ, पोचलात की फोन करा."

 थोरला कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत उतरू लागला. ताप त्याला डावीकडे झुकवत होता. अर्ध्यावर तो थांबला. मागे न बघता बोलला.

"भावाला सांग, डोकं दाराकडे करून झोप म्हणावं. भिंतीकडचा पाइप गळतो."