निरोपाची कॉफी

“पोटात गुडगुड करून राह्यलं व माय, मले नोको कॉफी,” शेजारीण पार्वताबाई पुटपुटली. पोस्टमास्तरणीला निर्जळी चतुर्थी आठवली. हेडमास्तरांचा चहा नुकताच झालेला. आमच्या ह्यांनी चिखलदऱ्याच्या शाळेत आठ वर्षं शिकवलं. आज बदलीवर अकोल्याला निघालो तर निम्मं गाव मोटारीपाशी हार घेऊन उभं. चुलीपर्यंत येणारं इथलं धुकं सोडताना जीव तुटत होता. पण मी भरून ठेवलेल्या कपांतल्या कॉफीवर साय आली, सायीवर माशा बसल्या आणि त्या हसऱ्या तोंडांची मला शिसारी आली. बुद्धाची दीक्षा घेऊन आम्ही धर्म बदलला. आमच्या दारात लोकांना लागणारे उपास काही बदलले नाहीत. आमचे हे मात्र ते उपास खरे मानून घ्यायचे. मोटारीचा भोंगा वाजला. ह्यांनी गळ्यातला हार हेडमास्तरांच्या हातात ठेवला. म्हणाले, “आमच्या हातचं तुमाले चालत नाई, हे आता तरी म्हना, साहेब.”