बाजूला

"थांब कमला. आत येऊ नकोस. तू बाजूला बसलीस."

कमला स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. कमरेवर घागर. बाजूला बसायला तिला काही झालंच नव्हतं. उलट तिसरा महिना लागला होता. ते ठाऊक होतं एकट्या नवऱ्याला, पद्मराजला.

"न्हाई हो आत्ती, मी..."

"घागर ठेव. पडवीत घोंगडं टाकलंय." सासूबाई, पद्मावतीबाई, चुलीकडे वळल्या.

गेल्या सुगीत असंच तिसऱ्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं होतं. निपाणीच्या डॉक्टरांनी या खेपेला बजावलं होतं, तिसरा सरेपर्यंत पडून राहा, पाणी उचलू नका. पद्मराजनं बापापुढं तोंड उघडलं नाही. तंबाखूची कापणी चालू होती. रोज कापणीच्या माणसांच्या भाकरी. सासरे नेमिनाथआण्णा चतुर्दशीला बैल जुंपत नसत. पण दिवसा आडवी झालेली बाई त्यांना चालत नसे. "आमच्या बाया खळ्यावरनं येऊन बाळंत झाल्यात," ते गेल्या वर्षी म्हणाले होते. कमला तेव्हा रिकाम्या पोटानं भिंतीकडे तोंड करून पडली होती.

घोंगड्यावर ती रडली. खोटा विटाळ, आणि तोही कुणी लावावा? आत्ती मंदिरातून आल्याशिवाय पाणी घेत नसत. सूर्य मावळल्यावर घास नाही. दारातल्या बोहारणीलासुद्धा "घरात कुणी न्हाई" असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. वयानं दिवसांचा हिशेब विसरल्या असतील का?

दुपार झाली. कुणी हाक मारली नाही. मारणार तरी कशी? तिचा हात लागलेलं सगळं धुवावं लागलं असतं. ताट लांबून सरकलं. जेवून ती झोपली. कितीतरी दिवसांनी.

पाचव्या सकाळी अंगणातून आण्णांचा आवाज आला. "सून न्हाली न्हवं आज? माणसं खोळंबल्यात भाकरीला."

"अजून थांबलं न्हाई तिचं."

"लई दिवस झालं की गं."

"बायकांचं असतंय तसं. बसून इचारतासा काय सगळं?"

आण्णांनी मान खाली घातली, पटका उचलला आणि रानाची वाट धरली.

पद्मावतीबाई ताट घेऊन पडवीत आल्या. या वेळी त्यांनी ते सरकवलं नाही. घोंगड्यावर कमलाला टेकून बसल्या. तिच्या पोटावर हलकेच हात ठेवला.

कमलाला हुंदका आला. "आत्ती, तुम्हांला कळलंवतं? मग माझ्यापायी तुम्ही खोटं..."

"माझी तीन गेली, कमला. घागरी व्हाताना." त्यांनी ताट तिच्यापुढं ओढलं. "आमच्या आत्ती देवमाणूस होत्या. जन्मात कधी खोटं बोलल्या न्हाईत."