नवसाची बदकं

पाण्यात पडलेलं बदक अजून फडफडत होतं. मितवल्लीने होडीतून कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि चिखल तुडवत लव्हाळ्यात घुसला. पण पाय साठीचे. तो पोहोचला तोवर बदकाची मान लोंबली होती.

“गेलं?” होडीतून शुक्री पाशाने विचारलं.

“गेलं.”

“काय मितवल्लीकाका! सासुरवाडीला निघाल्यासारखे चालताय!” स्वतःच्याच विनोदावर पाशा पोट हलवत हसला आणि कलिंगडाच्या बियांची सालं पचकन पाण्यात थुंकला.

मितवल्लीला शिसारी आली. शरद लागला की बुरुल्लुसच्या खाडीत बदकांचे थवे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग शहरातले बंदूकवाले. त्याने खूप पाहिले होते, पण असला नाही. तांता शहरातला सिमेंटवाला. पहाटेपासून चिखलाचे बूट बोय माशांच्या जाळ्यावर ठेवून बसलेला. ज्या पाण्यानं गाव नमाजाआधी वजू करतं, त्याच पाण्यात त्याने होडीत उभं राहून धार सोडली. नाक शिंकरून बोटं शिडाला पुसली. ढेकर दिली की लसणाचा भपकारा यायचा. आणि तोंड सतत चालू. बंदूक खांद्याला लावतानासुद्धा ओठ हलतच होते. खादाड मेला!

एरवी मितवल्लीने त्याला केव्हाच काठावर उतरवला असता. पण गोष्ट नवसाची होती. गेल्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी भावाची होडी उलटली आणि तिसऱ्या दिवशी भाऊ जिवंत घरी आला. तेव्हा मितवल्ली बोलून गेला होता: पुढच्या हंगामात शेख रिद्वानचं भक्तिगायन ऐकायला जे जे बसतील, त्यांना माझ्या हातचा बदकाचा भात. ते गायन आज संध्याकाळी होतं. मितवल्लीकडे बंदूक नव्हती. “मला फोटो पुरे, पक्षी तुमचे,” असं पाशा म्हणाला, म्हणून तर भर हंगामात बोय सोडून तो ह्याच्याबरोबर निघाला होता.

पण नवसाच्या ताटात हलालच मांस पडायला हवं. गोळी लागलेल्या बदकापर्यंत जीव असताना पोहोचायचं, अल्लाचं नाव घ्यायचं आणि गळ्यावर सुरी फिरवायची. म्हणून ही धावाधाव.

पुन्हा बार झाला. हे बदक जिवंत सापडलं. गरम रक्त बाहीत ओघळलं. मरत्या बदकाच्या पिसांतल्या उवा मनगटावर चढल्या. मागून पाशाची ढेकर ऐकू आली.

“डुकरा, तुझं पोट सडो,” मितवल्ली दातांत पुटपुटला आणि सुरी फिरवली.

मग आणखी एक. “तुझी बंदूक तुझ्याच थोबाडात फुटो.” मग आणखी एक. दर बाराला त्याच्या तोंडाशी नवी शिवी तयार असायची. ती ओठाबाहेर काढली की जरा बरं वाटायचं, तेवढाच विसावा. दुपारपर्यंत टोपलीत अकरा बदकं जमली. बाकीची सगळी तो पोहोचायच्या आत मेलेली. त्यांचा ढीग होडीच्या तळाशी पडला होता, रक्ताळलेल्या पाण्यात, वर भिजलेली सालं तरंगताहेत. माश्या घोंघावत होत्या. मितवल्ली होडीच्या काठावर वाकून ओकला.

“ऊन लागलं का, काका?” पाशाने पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या तोंडाला बियांचं साल चिकटलेलं होतं.

“नको,” मितवल्ली तोंड पुसत म्हणाला. “बस करा आता, पाशा. किती मारणार? खाणार कोण एवढं?”

“तुमचे पाहुणे! तुमच्या भावाने सांगितलं मला धक्क्यावर. दीडशे माणूस बसणार म्हणाला. म्हणून तर हात आवरला नाही, नाहीतर मी विसावर थांबतो. मोजा. साठ भरतील.”

“साठ कुठली? अकरा. हा ढीग फेकायचाय.”

“फेकायचाय? का?”

“सुरी लागायच्या आधी मेली. हराम आहेत.”

पाशाचं तोंड पहिल्यांदाच थांबलं.

“हराम कशी होतील? दर बाराआधी बिस्मिल्ला म्हटलंय मी. एक बार सुका गेलेला नाही. माझ्या बापाची ताकीद होती, नाव घेतल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. दिसलं नाही का तुम्हाला?”

“मला वाटलं, बिया खाताय.”

“बियाही खात होतो,” पाशा म्हणाला. “आणि तुम्ही असे धावत होतात, मला वाटलं बदकांची दया येतेय.”

नियम मितवल्लीला पाठ होता. शेख रिद्वान दरवर्षी डफावर थाप मारून तो गायचा, आणि सगळ्यांत पुढे बसून मान डोलावणारा मितवल्लीच असायचा: बार सोडताना ज्याने नाव घेतलं, त्याची शिकार वाटेत मेली तरी चोख, जिवंत हाती लागली, तर सुरीवर पुन्हा नाव हवं.

पाशाने पुन्हा बिया तोंडात टाकल्या. पुन्हा पचकन थुंकला. माणूस होता तितकाच ओंगळ होता.

मितवल्लीने टोपलीत पाहिलं. अकरा माना, अकरा काप. नाव घ्यायचा विसर पडला असता तर माफी होती. पण तो विसरला नव्हता. शिव्यांनी भरलेल्या त्याच्या तोंडात जागाच नव्हती.

तोंडात पुन्हा ओकारीची आंबट चव आली. ह्या वेळी त्याने पाशाकडे पाहिलं नाही. तळाचा ढीग त्याने खाडीच्या पाण्यात एकेक करून धुतला, शिडाच्या कापडात बांधला. मग टोपली उचलली आणि लव्हाळ्यात उपडी केली.

“अहो अहो, काका!” पाशा ओरडला. “कापलेली का टाकताय?”

“ती हराम आहेत, पाशा,” मितवल्ली म्हणाला. “ती मी कापली.”